एक कोरियन चित्रपट आणि घरातली मुले

मुलांनी कोणता चित्रपट पाहावा आणि कोणता पाहू नये, हा प्रश्न एके काळी चित्रपटगृहाच्या दारातच निकालात निघत असे. दाराशी उभा राहून तिकिटे फाडणारा माणूस समोरच्या मुलाच्या ओठावरची कोवळी रेघ न्याहाळून निर्णय देई आणि त्या निर्णयावर अपील नसे. 'केवळ प्रौढांसाठी' या दोन शब्दांनी आईबापांची निम्मी चिंता परस्पर मिटत असे. आता ते दार राहिलेले नाही. चित्रपटगृह मुलांच्या तळहातावर आले आहे, आणि दाराशी उभा राहणारा तो माणूस कुठे गेला हे कोणी विचारतही नाही. त्याची रिकामी झालेली जागा आईबापांनी घ्यावी, अशी काळाची अपेक्षा दिसते. पण ते काम कसे करावे, हे मात्र कोणी शिकवलेले नाही.

कायद्याने आपल्याकडून काही केले नाही असे नव्हे. 1952 सालच्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटांची 'सर्वांसाठी' आणि 'प्रौढांसाठी' अशी विभागणी केली. 1983 साली त्यांच्यामध्ये 'यूए' नावाची पायरी आली, आणि 2023 सालच्या दुरुस्तीने त्या पायरीचेही 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन भाग झाले. घरबसल्या दिसणाऱ्या चित्रपटांना 2021 सालच्या नियमांनी अशीच वर्गवारी लावली. 13 वर्षांपुढच्या चित्रपटांना पालकांना कुलूप घालता यावे, अशी तरतूदही केली. तरतूद चांगलीच आहे. मात्र अशा कुलपाची किल्ली घरातल्या सर्वांत तंत्रकुशल माणसाच्या हाती असते, आणि तो माणूस बहुधा पंधरा वर्षांचा असतो.

आमच्या घरात हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात उभा राहिला. माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. तिच्या वयाच्या इतर मुलींप्रमाणे तिलाही कोरियन गाण्यांचा आणि मालिकांचा नाद आहे. त्या नादापायी तिने ती लिपीही बऱ्यापैकी आत्मसात केली आहे. आम्हा गोमंतकीयांना कोरियन चित्रपट अगदीच अपरिचित नाहीत. 2004 पासून पणजीस दरवर्षी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने ती ओळख करून दिलेली आहे. एके संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, 'मेमरीज ऑफ मर्डर' नावाचा एक चित्रपट आहे. पाहू का?" नावातच खून होता. पत्नी म्हणाली, "खून बघून पोरीचे काय भले व्हायचे आहे?" माझी आई देवापुढच्या वाती वळत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तिला विचारावेसे वाटले, हेच पुष्कळ झाले. न विचारता पाहिला असता तर तुम्हांला कळले तरी असते का?"

मी मुदत मागून घेतली. वकिलाला ती सवय असतेच. मग रात्री सारे झोपल्यावर तो चित्रपट मी एकट्याने पाहिला. दुसऱ्याचा अभिप्राय वाचून आपल्या मुलाविषयी निर्णय घेणे म्हणजे ऐकीव साक्षीवर निकाल देण्यासारखे आहे. तेव्हा पालकांना पहिली विनंती हीच, की अशा चित्रपटाची शिफारस किंवा मनाई करण्यापूर्वी तो स्वतः संपूर्ण पाहावा. संपूर्ण हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पहिला अर्धा तास पाहून बंद करणाऱ्याला हा चित्रपट हास्यकथा वाटेल, आणि मधला अर्धा तास पाहणाऱ्याला निव्वळ क्रौर्य.

चित्रपट 2003 सालचा. दिग्दर्शक बोंग जून-हो. पुढे 'पॅरासाइट'साठी ज्यांना 2020 साली ऑस्कर मिळाले, तेच हे. हा त्यांचा दुसराच मोठा चित्रपट. कथेला आधार आहे सत्य घटनेचा. दक्षिण कोरियाच्या ग्योंगी प्रांतात ह्वासोंग नावाचा भातशेतीचा मुलूख आहे. तेथे 1986 ते 1991 या काळात एकामागून एक दहा स्त्रियांच्या हत्या झाल्या. त्यांत तेरा वर्षांची मुलगी होती आणि सत्तरी ओलांडलेली वृद्धाही होती. पोलिसांनी एकवीस हजारांहून अधिक लोकांची चौकशी केली, पण खुनी हाती लागला नाही. चित्रपट निघाला तेव्हाही तो सापडलेला नव्हता.

आता पालकांनी जे जाणून घेतले पाहिजे ते आडपडदा न ठेवता सांगतो. या चित्रपटात मृतदेह दिसतात. पहिला दिसतो शेताकडेच्या झाकलेल्या मोरीत, हात मागे बांधलेला; त्यावर मुंग्या आणि किडे फिरत असतात. शवचिकित्सेची दृश्ये आहेत. या सर्व स्त्रियांवर अत्याचार झालेले आहेत. ते अत्याचार पडद्यावर घडताना दिसत नाहीत, पण त्यांविषयीची बोलणी उघड आहेत, आणि मृतदेहांवरच्या खुणा जे सांगायचे ते सांगतात. दबा धरून बसलेल्या माणसाची चाहूल लागते, पावसातल्या अंधाऱ्या वाटेने एकटी जाणारी बाई दिसते, आणि ती भीती प्रत्यक्ष घावापेक्षा अधिक काळ मनात राहते. एका पोलिसाचे आणि त्याच्या सहचारिणीचे शृंगाराचे एक थोडके दृश्य आहे. एका विकृत संशयिताचे रात्रीच्या जंगलातले वर्तन मुलांबरोबर पाहताना पालकांना अवघडल्यासारखे होईल. शिव्या पुष्कळ आहेत, धूम्रपान आणि मद्यपानही आहे. शेवटाकडे एक शाळकरी मुलगी बळी पडते. तिला आपण आधी हसताना, बोलताना पाहिलेले असते. म्हणून तो प्रसंग सर्वांत जड जातो.

याखेरीज एक हिंसा आहे, तिच्याविषयी सहसा कोणी पालकांना सावध करीत नाही. ती पोलीस ठाण्यातली हिंसा. माझ्या मते या चित्रपटाचा खरा विषय तोच आहे.

गावातला फौजदार पार्क दू-मान हा आपल्या नजरेवर विश्वास ठेवणारा गृहस्थ. माणसाच्या डोळ्यांत पाहिले की तो गुन्हेगार आहे की नाही हे आपल्याला कळते, अशी त्याची ठाम समजूत. ही भूमिका सोंग कांग-हो या थोर नटाने केली आहे. त्याचा सहकारी चौकशीच्या वेळी संशयिताला लाथा घालतो. आणि अंगावर वळ उठू नयेत म्हणून लाथ घालण्यापूर्वी बुटावर कापडी खोळ चढवतो. त्यांच्या तावडीत प्रथम सापडतो तो भाजल्याच्या व्रणांनी चेहरा विद्रूप झालेला, बुद्धीने अधू असा एक तरुण. फौजदार त्याच्या बुटाचा ठसा स्वतःच चिखलात उमटवून पुरावा तयार करतो, आणि खून कसा केला हे त्या मुलाकडून पढवून घेतो. पुढे आणखी एका संशयिताला उलटे टांगले जाते.

विशेष हे, की पहिल्या तासाभरात हे सारे विनोदी रीतीने येते. बडवलेल्या संशयिताला शेजारी बसवून पोलीस काळ्या रश्श्यातल्या शेवया खातात आणि दूरचित्रवाणीवरची गुप्तहेरांची मालिका पाहतात; मालिकेची धून तिघे मिळून गुणगुणतात. आपण हसतो. घरात मुले बरोबर असतील तर तीही हसतील. हसू द्यावे. कारण पुढे तोच अधू तरुण या सगळ्या ओढाताणीत आगगाडीखाली सापडून मरतो, आणि तो गेल्यावर पोलिसांना उमगते की त्याला जे ठाऊक होते ते त्याने केलेले नव्हते, त्याने पाहिलेले होते. तो एकमेव साक्षीदार होता. आपण मघाशी कशाला हसलो, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात तेव्हा आपोआप उभा राहतो. ज्या मुलाच्या मनात तो उभा राहण्याइतकी समज आली आहे, त्याने चित्रपट पाहण्यास हरकत नाही. ज्याच्या मनात अजून फक्त हसूच राहील, त्याचे वय कागदोपत्री काहीही असो, त्याने थोडे थांबावे.

सेऊलहून दुसरा एक फौजदार येतो, सो ते-युन. हा शिकलेला, कागदपत्रांवर भरवसा ठेवणारा. कागद खोटे बोलत नाही, अशी याची श्रद्धा. पावसाळी रात्र, लाल कपडे, आकाशवाणीवर फर्माईश करून लावले जाणारे एक विशिष्ट गीत, असे एकेक धागे जुळत जातात, आणि एका गोऱ्या, मऊ हातांच्या, शांत चेहऱ्याच्या तरुणावर संशय येऊन थांबतो. निर्णायक पुरावा म्हणून नमुना अमेरिकेस पाठवतात, कारण तशी तपासणी देशात होत नसते. उत्तर येते ते असे, की नमुना जुळत नाही. त्या क्षणी दोघांची अदलाबदल होते. कागदावर श्रद्धा असलेला सो कागद झुगारून देतो आणि बोगद्याच्या तोंडाशी, भर पावसात त्या तरुणावर पिस्तूल रोखतो. आणि नजरेवर श्रद्धा असलेला पार्क त्या तरुणाच्या डोळ्यांत टक लावून पाहतो व कबूल करतो की आपल्याला काही कळत नाही. वकिली करताना मी संशयाचा फायदा या तत्त्वावर पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत आणि काही केलेही आहेत. परंतु त्या तत्त्वाला माणसाकडून केवढी किंमत मोजावी लागते, हे इतक्या उघडपणे क्वचितच पाहिले.

येथे आपल्या कायद्याची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असा नियम आपल्याकडे 1872 सालच्या पुराव्याच्या कायद्यात 25व्या कलमात होता. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो 23व्या कलमात कायम आहे. पुष्कळांना हा नियम गुन्हेगारांच्या सोयीचा वाटतो. "चोराने स्वतःच्या तोंडाने सांगितले, तरी कोर्ट मानीत नाही!" असे उद्गार मी देवळाच्या सभामंडपातही ऐकले आहेत, आणि ते उद्गार काढणारी माणसे सज्जन असतात. त्या सज्जनांना माझी विनंती आहे, की त्यांनी हा चित्रपट पाहावा.

माझ्या वकिलीच्या आरंभीच्या काळात चोरीच्या एका खटल्यात परप्रांतातून आलेल्या एका मजुराचे वकीलपत्र माझ्याकडे आले. वीस-बावीस वर्षांचा पोर. आपण कोठे आणि काय लपवले, हे त्याने पोलिसांना दाखवून दिले, असा पंचनामा होता. "तू दाखवलेस ना?" मी विचारले. तो म्हणाला, "साहेब, दाखव म्हणाले तिथे बोट केले. त्यानंतर झोपू दिले." हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, झोप मिळाल्याचे समाधान होते. पुढे तो निर्दोष सुटला, पण सुटेपर्यंत तीन पावसाळे गेले. त्याचे ते वाक्य हा चित्रपट पाहताना मला आठवत राहिले.

आणि चित्रपटाबाहेरची हकिकत तर त्या वाक्याची अधिकच आठवण करून देणारी आहे. ह्वासोंगच्या हत्यांपैकी आठवी हत्या सप्टेंबर 1988 मधली. तेरा वर्षांची मुलगी घरात, आपल्या खोलीत मारली गेली. पुढच्या वर्षी पोलिसांनी बावीस वर्षांच्या एका तरुणाला पकडले. लहानपणी झालेल्या पोलिओने त्याचा पाय अधू होता. त्याला झोपू न देता चौकशी झाली आणि त्याने कबुली दिली. घटनास्थळी सापडलेल्या केसाच्या रासायनिक पृथक्करणाचा अहवाल त्या कबुलीला जोडला गेला. त्याला जन्मठेप झाली. ही शिक्षा झाल्यामुळे आठवे प्रकरण उलगडले असे सर्वांनी मानले, आणि 'न सुटलेले' म्हणून उरली ती बाकीची नऊ. तो 2009 साली सुमारे वीस वर्षांनी अटीवर सुटला. याचा अर्थ असा, की 2003 साली कोरियातले प्रेक्षक जेव्हा चित्रपटगृहात बसून पोलिसांच्या खोट्या कबुलीजबाबांना हसत होते आणि मग हळहळत होते, तेव्हा त्याच प्रकरणातला एक निरपराध माणूस खऱ्या तुरुंगात खऱ्या भिंतीकडे पाहत बसलेला होता. दिग्दर्शकाला ते ठाऊक नव्हते, प्रेक्षकांनाही नव्हते.

सप्टेंबर 2019 मध्ये जपून ठेवलेल्या वस्तूंवरील जनुकीय खुणा एका माणसाशी जुळल्या. ली छुन-जे हे त्याचे नाव. 1994 साली पत्नीच्या बहिणीचा खून केल्याबद्दल तो जन्मठेप भोगीतच होता. त्याने ह्वासोंगच्या दहाही हत्यांची आणि आणखी चार हत्यांची कबुली दिली. आठवी हत्याही आपलीच, हे त्याने सांगितले. फेरसुनावणीत 17 डिसेंबर 2020 रोजी सुवोनच्या न्यायालयाने त्या अधू पायाच्या माणसाला निर्दोष ठरवले आणि न्यायसंस्थेच्या वतीने त्याची क्षमा मागितली. केसाचा तो शास्त्रीय अहवालही विश्वासार्ह नव्हता असे निष्पन्न झाले. खऱ्या गुन्हेगारावर मात्र या हत्यांबद्दल खटला चालू शकला नाही. कोरियाच्या तेव्हाच्या कायद्यात खुनाला पंधरा वर्षांची मुदत होती, आणि शेवटच्या हत्येची मुदत 2006 साली संपून गेली होती. 2015 साली ती मुदत रद्द झाली. पण ज्यांची आधीच संपली होती त्यांना नव्या कायद्याचा उपयोग नव्हता. आपल्याकडे खुनाला अशी मुदत नाही. आपल्या कायद्यातल्या उण्या गोष्टी आपण नेहमीच मोजतो. ही त्याची एक अधिक बाजू.

फेरसुनावणीत साक्षीला आलेल्या त्या खुन्याने सांगितले, की हा चित्रपट आपण तुरुंगात पाहिला होता. त्याला तो निव्वळ एक चित्रपट वाटला. मनात काही हलले नाही. चित्रपटाच्या शेवटी पार्क वर्षांनंतर त्या मोरीपाशी येतो आणि सरळ प्रेक्षकांकडे पाहतो. खुनी कुठे तरी चित्रपटगृहात बसला असेल तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडावा, असा दिग्दर्शकाचा हेतू होता. डोळा भिडला असेलही. उपयोग झाला नाही. 'चित्रपटाने माणसे बिघडतात' असे म्हणणाऱ्यांनी आणि 'चित्रपटाने माणसे सुधारतात' असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही या साक्षीचा विचार करावा. चित्रपट एकटा फार थोडे करतो. पाहणारा मनात काय घेऊन बसला आहे, आणि त्याच्या शेजारी कोण बसले आहे, यावर बाकीचे अवलंबून असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात 1970 साली जे म्हटले, त्याचा आशय येथे आठवतो. मुंबईतल्या वेश्यावस्तीचे चित्रण असलेल्या त्यांच्या माहितीपटाला 'सर्वांसाठी' हे प्रमाणपत्र नाकारले गेले होते. न्यायालयाने पूर्वपरीक्षणाची पद्धत वैध ठरवली, पण हेही बजावले, की विषय कोणता आहे यावर कात्री चालवायची नाही. तो विषय कोणत्या रीतीने हाताळला आहे हे पाहायचे. घरातल्या परीक्षकालाही मला याहून चांगली कसोटी सुचत नाही. याच काळात कोरियात निघालेले 'ओल्डबॉय' किंवा पुढचा 'आय सॉ द डेव्हिल' यांच्यात कौशल्य कमी नाही. पण तेथे सूडाच्या क्रौर्यावर कॅमेरा दीर्घकाळ रेंगाळतो. ते मी माझ्या मुलीला आज दाखवणार नाही. 'मेमरीज ऑफ मर्डर'मध्ये कॅमेरा जखमेपेक्षा जखम पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर अधिक थांबतो. विषय तोच, रीत वेगळी.

आपल्या वाचकांपैकी काहींचा आक्षेप असा असेल, की मुलांना मुळात रक्तपात दाखवावाच कशाला? पण आपण तो दाखवतच आलो आहोत. जत्रेच्या रात्री दशावतारी काल्यात नरसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट फाडलेले आपण आजीच्या मांडीवर बसून पाहिले. कीचकाचा वध आणि दुःशासनाचे रक्त कीर्तनकाराच्या तोंडून ऐकले. त्याने कोणी खुनशी झाले नाही. फरक रक्ताच्या प्रमाणात नाही; फरक शेवटात आहे. त्या कथांत पहाटेपर्यंत दुष्टाचा निकाल लागलेला असतो आणि मूल निश्चिंत झोपते. या चित्रपटात निकाल लागत नाही. शेवटी मोरीपाशी एक लहान मुलगी पार्कला सांगते, की मागे असाच आणखी एक माणूस येथे डोकावून गेला. तो दिसायला कसा होता? तर, अगदी साधा. कोणासारखाही. राक्षसाला शिंगे असतात या समजुतीवर वाढलेल्या मुलाला हे उत्तर सोसणे अवघड आहे. ते सोसण्याची ताकद केव्हा येते, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. ते घरच्या माणसालाच ओळखावे लागते.

आम्ही तो चित्रपट एका रविवारी दुपारी पाहिला. रात्री पाहायचा नाही, असे मीच ठरवले होते. मुलगी, पत्नी आणि मी. शवचिकित्सेच्या वेळी पत्नी उठून स्वयंपाकघरात गेली आणि चहा टाकून परत आली. मात्र माझ्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट तिने टिपली. त्या ठाण्यात एकच स्त्री पोलीस आहे. तिच्याकडून सारे चहापाण्याची कामे करून घेतात. पण खुनाच्या रात्री आकाशवाणीवर तेच गीत लागते, हे प्रथम लक्षात येते ते तिच्या. अत्याचारातून वाचलेली बाई बोलते तीही तिच्या साक्षीनेच. "तिला आधी विचारले असते तर?" पत्नी म्हणाली. मुलीने मान डोलावली. मी गप्प राहिलो, कारण त्या क्षणी बोलणे त्या दोघींचे होते.

चित्रपट संपल्यावर मुलगी काही वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "तो सापडला का हो, बाबा?" मी तिला पुढची हकिकत सांगितली. मला वाटले होते, की खुनी सापडल्याचे ऐकून तिला बरे वाटेल. पण तिने खुन्याविषयी काहीच विचारले नाही. ती म्हणाली, "आणि तो पाय अधू असलेला? त्याची वीस वर्षे?" न्यायालयाने त्याला नुकसानभरपाई मंजूर केली, असे मी सांगितले. "पैसे?" ती म्हणाली. त्या एका शब्दाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कोणत्याही वकिलापाशी नसावे. त्या रात्री ती आजीच्या खोलीत झोपायला गेली. भीतीने की मायेने, हे मी विचारले नाही. आईनेही विचारले नाही. तिने फक्त गोधडीचा अर्धा भाग मोकळा केला.

तेव्हा ज्यांच्या घरात हा प्रश्न उद्या उभा राहणार आहे, त्यांच्यासाठी माझे मत थोडक्यात मांडतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना हा चित्रपट दाखवू नये. पंधरा-सोळाचे वय झाले असेल, तर मुलाचा स्वभाव पाहून आणि स्वतः शेजारी बसून दाखवण्यास हरकत नाही. जे मूल मुळात भित्रे आहे, किंवा ज्याच्या वाट्याला लहान वयात एखादा आघात आला आहे, त्याला आग्रह करू नये. वर्गातल्या सर्वांनी पाहिला, हे कारण होऊ शकत नाही. मृतदेहांची दृश्ये येणार आहेत, हे आधी सांगून ठेवावे. मुलाने डोळे मिटले तर चेष्टा करू नये. लाथांना ते हसले तर लगेच उपदेश करू नये. चित्रपट स्वतःच ते काम पुढे करतो. या दहा स्त्रिया खऱ्या होत्या आणि त्यांची माणसे अजून हयात आहेत, हे मात्र अवश्य सांगावे. ह्वासोंगच्या रहिवाशांनी मागणी केल्यावरून 2019 साली पोलिसांनी या प्रकरणाचे नावही बदलले. आपल्या गावाचे नाव खुनांना चिकटून राहावे, हे त्यांना नको होते. आपण ज्याला थरार म्हणतो ते कोणाच्या तरी घरचे दुःख आहे, एवढे मुलाला कळले तरी पुष्कळ झाले.

चित्रपट सुमारे सव्वादोन तासांचा आहे. त्याच्यापुढचा एक तास मोकळा ठेवावा. त्या तासात मूल काही विचारील, किंवा काहीच विचारणार नाही आणि नुसते जवळ बसेल, दोन्ही चांगलेच. तो तास ज्यांना देता येणार नाही, त्यांनी हा चित्रपट मुलांना अजून दाखवू नये.